धुरात दडलेलं पाणी

ब्रिटनमधल्या अनेक घरांत गॅसचा बॉयलर स्वयंपाकघराच्या भिंतीवर, कपाटाएवढ्या पांढऱ्या पेटीत बसलेला असतो. तोच पाणी तापवतो आणि पंप ते खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरांतून फिरवतो. पेटीच्या दर्शनी बाजूवरून काही कळत नाही. हे यंत्र वाचायचं तर तळातून निघून सांडपाण्याकडे गेलेली प्लास्टिकची नळी पाहावी. बॉयलर चालू असला की तिच्यातून पाणी ठिबकतं. ही गळती नाही. नव्या, ‘कंडेन्सिंग’ बॉयलरचा सारा आशय त्या थेंबांत आहे.

तो कळण्यासाठी आधी जुन्या बॉयलरला न्याय द्यायला हवा. उत्तर समुद्रातला नैसर्गिक वायू मिळू लागल्यावर १९६७ ते १९७७ या काळात ब्रिटनभर घरोघरची उपकरणं त्या वायूसाठी बदलली गेली. त्या पिढीच्या बॉयलरचं अंग बिडाचं, जड. आत पायलटची ज्योत अहोरात्र तेवत असायची. धूर खूप गरम असल्यामुळे तो पंख्याशिवाय आपसूक बाहेर पडायचा. धुरातल्या वाफेचं पाणी आतच झालं असतं तर बीड गंजलं असतं. म्हणून रेडिएटरांतून परतणारं पाणीही पुरेसं गरम ठेवावं लागे. म्हणजे धुरावाटे उष्णता घालवणं हा त्या रचनेचाच भाग होता. फुकट जाणाऱ्या उष्णतेने यंत्र टिकायचं आणि धूर वर चढायचा. यंत्र साधं, दणकट होतं, दुरुस्तीला सोपं होतं. मात्र त्यातले सर्वांत मागास बॉयलर गॅसमधल्या उष्णतेपैकी सत्तर टक्केही घराला देत नसत.

उरलेली जायची कुठे? बरीचशी गरम धुराबरोबर, आणि तिच्यातला एक वाटा धुरातल्या वाफेत दडून. एक घनमीटर नैसर्गिक वायू जळला की सुमारे दीड लिटर पाणी तयार होतं, पण वाफेच्या रूपात. उकळत्या पाण्यापेक्षा वाफेचा चटका जास्त का लागतो, हे स्वयंपाकघरात वावरणाऱ्याला सांगावं लागत नाही: पाणी होताना वाफ स्वतःजवळची उष्णता सोडते. एक किलो वाफेचं पाणी होताना सुटणारी उष्णता तेवढंच पाणी शून्यापासून शंभर अंशांपर्यंत तापवायला लागणाऱ्या उष्णतेच्या पाचपटीहून अधिक असते. गॅसमधल्या एकूण उष्णतेचा सुमारे दहावा हिस्सा असा वाफेत अडकलेला असतो. युरोपात कार्यक्षमता मोजताना ती उष्णता हिशेबातच धरत नसत. म्हणून ती पकडणारे बॉयलर आले तेव्हा त्यांच्या माहितीपत्रकांवर शंभराच्या वरचे आकडे झळकले. चमत्कार यंत्राचा नव्हता. भागाकार करतानाचा तळचा आकडाच लहान होता. वाफेची उष्णताही हिशेबात धरणाऱ्या ब्रिटिश पद्धतीत तेच बॉयलर नव्वद टक्क्यांच्या आसपास येतात, आणि हा आकडा जास्त प्रामाणिक आहे.

नव्या बॉयलरची रचना एकाच निर्णयातून उलगडते: वाफेचं पाणी होऊ द्यायचं. हे पाणी आम्लधर्मी असतं, म्हणून बिडाऐवजी स्टेनलेस स्टील किंवा ॲल्युमिनियमचा मिश्रधातू आला आणि निचऱ्याची नळी तांब्याची न करता प्लास्टिकची केली. थंड झालेला धूर आपोआप वर चढत नाही, म्हणून पंखा आला. धूर इतका निवलेला असतो की धुराडंही प्लास्टिकचं चालतं. थंडीत त्याच्या तोंडाशी दिसणारे पांढरे लोट हे निवलेल्या, ओलसर वायूचेच. एकही भाग शोभेचा नाही. प्रत्येकामागे आधीच्या भागाने घातलेली अट आहे. मला या यंत्राचं सौंदर्य या कार्यकारणात दिसतं.

उणीवही त्याच निर्णयातून आली. डिसेंबर २०१० मध्ये ब्रिटनमध्ये कडाक्याची थंडी पडली आणि घराबाहेरून नेलेल्या बारीक नळ्यांत पाणी गोठलं. निचरा अडला की बॉयलर बंद पडतो. नेमकी गरज असतानाच असंख्य घरं गारठली. नळी घराच्या आतून न्यावी, बाहेर काढावीच लागली तर जाड घ्यावी आणि गुंडाळून ठेवावी, हा धडा त्यातून मिळाला.

सरकारने बदलाची सक्ती केली. इंग्लंड आणि वेल्समध्ये १ एप्रिल २००५ पासून, मोजके अपवाद सोडता, नवा गॅस बॉयलर कंडेन्सिंगच असावा असा नियम झाला. २०१० मध्ये इंग्लंडात कार्यक्षमतेच्या सर्वांत खालच्या ‘जी’ श्रेणीतला बॉयलर मोडीत काढणाऱ्यांना ४०० पौंडांची सवलत मिळाली. पेट्या बदलल्या, पण वाचन अर्धंच राहिलं. धुरातली वाफ साधारण ५५ अंशांच्या खालीच पाणी होऊ लागते. रेडिएटरांतून परतणारं पाणी त्याहून गरम असेल, तर हा बॉयलर नावापुरताच कंडेन्सिंग. आणि कित्येक घरांत बॉयलर पाणी ७० ते ८० अंशांवर पाठवतो, त्यामुळे परतणारं पाणीही बरेचदा पुरेसं निवत नाही. कारण बसवणाऱ्याने तो आकडा तसाच ठेवला आणि घरच्यांनी त्याला कधी हात लावला नाही.

जुना बॉयलर काढून नवा बसवणं योग्यच, पण गॅस जाळणं त्याने थांबत नाही; त्या प्रश्नाचं उत्तर उष्णता पंपासारख्या दुसऱ्या साधनांकडे आहे. तोवर लंडन, लेस्टर किंवा आणखी कुठेही घर थाटलेल्या मराठी वाचकांना एकच सांगणं: तुमचा बॉयलर गरम पाण्याची टाकी नसलेला ‘कॉम्बी’ असेल, तर रेडिएटरांना जाणाऱ्या पाण्याचं तापमान ६० अंशांच्या आसपास आणून पाहा. खोल्या तापायला थोडा जास्त वेळ लागेल, पण परतणारं पाणी पुरेसं निवलेलं येईल. टाकी असेल तर मात्र आधी जाणकाराला विचारा, कारण साठवलेलं पाणी जंतूंच्या भीतीने पुरेसं गरम ठेवावं लागतं.