सिगुर रोस : अर्थापूर्वीचा स्वर

भाषेवर प्रेम करणाऱ्या माणसाला, ज्यात अर्थपूर्ण शब्दच नाहीत अशा गाण्याचा लोभ का जडावा, हा प्रश्न आम्ही गेली कित्येक वर्षे स्वतःला विचारीत आलो आहोत. सुरतेतील मराठी माणसाची भाषा उंबरठ्यापाशी बदलते. घरात मराठी, बाजारात गुजराती, आणि लिंबायत-उधना भागात मागांच्या खडखडाटातून कानी पडणारी अहिराणी. एका भाषेतले मनोगत दुसरीत नेताना काही ना काही मागे राहतेच. म्हणूनच की काय, आइसलंडच्या 'सिगुर रोस' या वाद्यवृंदाविषयीचा आमचा आदर आजवर ओसरला नाही.

हा संच १९९४ साली रेक्याविक येथे स्थापन झाला. त्याच वर्षी सायमन रेनॉल्ड्स या समीक्षकाने 'पोस्ट-रॉक' ही संज्ञा पुढे आणली. वाद्ये रॉकचीच, गिटार आणि ड्रम; परंतु त्यांचे काम ठेका धरण्याहून स्वरांचे वातावरण उभारण्याचे अधिक. गायक योन्सी गिटारीवर चेलोचा गज फिरवितो, तेव्हा सारंगी ऐकलेल्या कानाला तो लांबत जाणारा स्वर परका वाटत नाही.

त्यांची खरी थोरवी २००२ च्या ध्वनिमुद्रिकेत आहे. तिला नाव नाही, केवळ दोन रिकामे कंस आहेत. आतील ८ गाणीही निनावी, पुस्तिका कोरी, आणि मध्यावर ३६ सेकंदांची शांतता. गायकाच्या मुखी आहेत ते 'वोनलेन्स्का' नावाचे निरर्थक ध्वनी. आपल्या तराण्यातील बोलांना तरी कोण अर्थ विचारतो? तथापि तराणा लयीशी खेळतो; येथे मात्र शब्द सापडत नसताही सांगण्याची धडपड ऐकू येते. दोन भाषांत वावरणारास ही धडपड ओळखीची आहे.

दोष नाहीत असे नाही. हळूहळू चढत जाऊन अखेरीस कोसळणारा नाद ही या पंथाची सवयच झाली. २००५ च्या ध्वनिमुद्रिकेतील 'होप्पीपोल्ला' बी.बी.सी.ने 'प्लॅनेट अर्थ'च्या जाहिरातीसाठी वापरले, आणि तो चढ हुकमी भावनेची खूण होऊन बसला. मात्र १० वर्षांच्या खंडानंतर २०२३ साली आलेल्या ध्वनिमुद्रिकेत वाद्यमेळाच्या साथीला ड्रम जवळजवळ नाहीत. टाळ्यांची खात्री असलेली वाट त्यांनी आपण होऊन सोडली, हे आम्हांस विशेष वाटते.

या गाण्याने आम्हांस भाषेचा विसर पडला नाही. ते ऐकून उठल्यावर घरातले साधे मराठी वाक्यही आम्ही अधिक लक्ष देऊन ऐकतो.