व्यापारचिन्हांचें काव्यशास्त्र

लोणचीं व मसाले यांचा व्यवसाय करणारे आमचे एक स्नेही मागील महिन्यांत आमच्याकडे आले आणि चहा येण्यापूर्वींच त्यांनीं मेजावर सात कागद मांडले. प्रत्येक कागदावर एकेक आकृति होती. "आपण पुस्तकांवर लिहितां, चित्रप्रदर्शनांवर लिहितां, तेव्हां ह्यांतली कोणती चांगली तें सांगा," असें ते म्हणाले. त्यांच्या मातोश्रींनीं चाळीस वर्षांपूर्वीं घरच्या ओसरीवर हा व्यवसाय आरंभिला, तेव्हां शेजारच्या ड्रॉइंग मास्तरांनीं त्यांस एक छाप काढून दिली होती: मध्यें दगडी खलबत्ता, भोंवतीं मिरच्यांची माळ, वर उगवता सूर्य, खालीं फीत आणि फितीवर नांव. आतां माल परदेशीं जाऊं लागला, म्हणून नवी छाप हवी असा आमच्या स्नेह्यांचा आग्रह. मातोश्रींनीं "खल तेवढा राहूं दे" इतकेंच म्हणून विषय सोडून दिला होता.

आम्हीं पांचवा कागद उचलला. त्यावर नांवाचें आद्याक्षर वळवून त्याचें हिरवें पान केलेलें होतें. रेषा निर्दोष, रंग प्रसन्न, आकृति इतकी सुटसुटीत कीं पाहणाऱ्याचे डोळे निवावेत. "हेंच घ्या," असें आम्हीं अधिकारवाणीनें सांगितलें. तो कागद पुढें दोन दिवस आमच्या मेजावर पडून राहिला. स्वयंपाकाच्या मावशी मेज पुसतां पुसतां थांबल्या आणि विचारत्या झाल्या, "हें कसलें औषध आणलंत?" मावशींना वाचतां येत नाहीं. आमच्या स्नेह्यांचाच मसाला त्या कित्येक वर्षें आपल्या घरीं नेतात, आणि दुकानांत तो 'फुटक्या खलाचा' म्हणून मागतात. आमचें मत चुकलें होतें, हें त्या एका प्रश्नानें स्पष्ट झालें. परंतु तें कोठें चुकलें हें समजण्यास आम्हांस बराच अधिक वेळ लागला.

व्यापारचिन्ह हा टीकेचा विषय होऊं शकतो असें आपल्याकडे फारसें कोणास वाटत नाहीं. चित्रकार तें पोटासाठीं काढतो, व्यापारी विक्रीसाठीं घेतो, आणि आपण तें पाहत असूनही पाहत नाहीं. एखादी बरी कादंबरी हजार प्रतींच्या पलीकडे जाण्यास धडपडत असतां आगपेटीवरील चित्र मात्र प्रत्येक चुलीपर्यंत जाऊन बसतें. तरी कादंबरीवर परीक्षणें निघतात आणि आगपेटीवर एक ओळही नाहीं! वस्तुतः अक्षरशत्रु मनुष्याचें वाचन तें हेंच. परीट बिब्ब्याच्या रसानें कपड्यावर जी खूण करीत असे ती त्याची लिपीच होती. मॅंचेस्टरचे व्यापारी हिंदुस्थानांत कापड धाडीत तेव्हां ताग्यावर देवदेवतांचीं आणि पशुपक्ष्यांचीं रंगीत चित्रें डकवीत, तीं कांहीं भक्तीनें नव्हे. गिऱ्हाईक चित्र ओळखून माल मागतें हें त्यांस पक्कें ठाऊक होतें. इंग्लंडांत व्यापारचिन्हांची नोंदणी १८७६ च्या १ जानेवारीस सुरू झाली. आपल्याकडे तसा कायदा व्हावयास १९४० साल उजाडलें. कायदा चिन्हाच्या मालकीचें रक्षण करतो. तें चांगलें कीं वाईट हें ठरविण्याचें काम मात्र तो कोणावरच सोंपवीत नाहीं.

आम्हांस ह्या कामीं आपलें जुनें काव्यशास्त्र उपयोगी पडेल असें वाटतें. शब्द अर्थ सांगतो तो अभिधेनें, लक्षणेनें किंवा व्यंजनेनें. आणि उत्तम काव्य तें, ज्यांत न बोललेला अर्थ बोललेल्या अर्थावर मात करतो, असें आनंदवर्धनानें नवव्या शतकांत प्रतिपादन केलें. छत्रीच्या दुकानावर छत्रीचें चित्र लावणें ही शुद्ध अभिधा होय. तींत दोष नाहीं, पण शेजारच्या छत्रीवाल्यासही तीच छत्री काढण्यावांचून गत्यंतर नसतें. व्यंजनेनें बोलणारीं चिन्हें थोडीं, आणि त्यांतील सर्वोत्कृष्ट कोणतें असें कोणीं विचारिलें तर आम्ही ग्रामोफोनच्या कर्ण्यापुढें बसलेल्या कुत्र्याचें नांव घेऊं.

त्या चित्राची हकीकत मनोरंजक आहे. निपर नांवाचा हा कुत्रा प्रथम ब्रिस्टल येथील मार्क बॅरॉड यांचा; १८८७ मध्यें ते वारल्यावर तो त्यांचे बंधु फ्रान्सिस यांजकडे आला. फ्रान्सिस हे चित्रकार. १८९५ त कुत्राही गेला. तीन वर्षांनीं, म्हणजे केवळ आठवणींतून, त्यांनीं तो फोनोग्राफपुढें कान देऊन बसला आहे असें चित्र काढलें. फोनोग्राफवाल्यांस तें नको होतें. पुढें कर्णा पितळी दाखवावा म्हणून तो उसना मागण्यास ते लंडनच्या ग्रामोफोन कंपनींत गेले, तेव्हां तेथील ओवेन यांनीं, यंत्र बदलून आमचें काढाल तर चित्र विकत घेऊं, असें सांगितलें. जुन्या यंत्रावर नवें यंत्र रंगविण्यांत आलें आणि १८९९ त चित्र व त्याचे हक्क मिळून शंभर पौंडांस सौदा झाला.

येथें एक मौज आहे. फोनोग्राफवर घरच्या घरीं आवाज भरतां येत असे. म्हणून मृत धन्याचा आवाज ऐकणारा कुत्रा ही कल्पना त्या यंत्रापुढें खरी होती. ग्रामोफोन केवळ वाजवी. घरीं आवाज भरण्याची सोय त्यांत नव्हती. म्हणजे चित्राचा वाच्यार्थ यंत्र बदलतांच खोटा ठरला! तरीही गेल्या शंभर-सवाशें वर्षांत ह्या कारणानें कोणाचा रसभंग झाल्याचें ऐकिवांत नाहीं, कारण चित्राचें सामर्थ्य वाच्यार्थांत नव्हतेंच. आवाज इतका हुबेहूब कीं मुकें जनावरही फसावें, ही झाली वस्तूची स्तुति. तिच्याहि मागें दुसरा एक अर्थ आहे: माणूस जातो, आवाज राहतो, आणि ऐकणारा कर्ण्याच्या अंधारांत पाहत बसतो. जाहिरातीच्या चित्रांत एवढा करुणरस क्वचितच सांपडेल. आमच्या लहानपणीं नाट्यगीताची तबकडी फिरूं लागली कीं हा कुत्राहि तिच्याबरोबर गरगर फिरे, आणि आम्ही मुलें गाणें सोडून त्याच्यावर दृष्टि खिळवीत असूं. कुत्रा आपल्याकडे घरांत घेण्याचा प्राणी नव्हे; परंतु दत्तगुरूंच्या पायांशीं जे चार श्वान बसतात आणि धर्मराजाबरोबर जो स्वर्गाच्या दारापर्यंत जातो, त्यांच्या ओळखीनें हा विलायती कुत्राही आपल्या माजघरांत शिरला असावा.

ह्याच कसोटीला उतरणारें देशी उदाहरण आयुर्विमा महामंडळाचें. १९५६ मध्यें स्थापन झालेल्या ह्या संस्थेच्या चिन्हांत दोन ओंजळलेले हात आणि मध्यें ज्योत, इतकेंच आहे. संध्याकाळीं स्वयंपाकघरांतून देवघराकडे निरांजन नेतांना प्रत्येक गृहिणी जी हालचाल करते तीच ही. चित्रकारानें वारा काढलेला नाहीं. परंतु हात पाहतांच वारा अंगास लागतो. विमा ज्या भयावर उभा आहे, त्याचा उच्चारही न करतां तें सांगणें, आणि वर सांगून झाल्यावर आश्वासन देणें, हें एका आकृतीनें साधलें आहे. मृत्यूचें नांव ज्या धंद्यांत घेतां येत नाहीं आणि घेतल्यावांचून चालत नाहीं, त्यास याहून चांगलें चिन्ह सुचणें कठीण.

स्टेट बॅंकेचें चिन्ह अधिक कोरडें, पण अधिक धीट. पूर्वीं तेथें वटवृक्ष होता. वडाखालीं दुसरें झाड धरत नाहीं हें ठेवीदारांच्या लक्षांत कसें आलें नाहीं कोण जाणे! १९७१ मध्यें अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेंतील शेखर कामत यांनीं निळें वर्तुळ, त्यांत लहानसें गोल छिद्र आणि खालीं चिरलेली एक फट एवढेंच ठेविलें. कोणास त्यांत कुलपाचें छिद्र दिसतें, कोणास मोठ्या संस्थेच्या मध्यभागीं उभा असलेला लहान माणूस, तर कित्येकांस अहमदाबादचें कांकरिया तळें. आमच्या मतें हा वाद सुटूं नये हेंच बरें. पेन्शन आणावयास गेलेले आजोबा रांगेंत उभे राहून ज्या चिन्हाचा अर्थ लावतात, तें चिन्ह जिवंत आहे.

एवढें लिहून आम्ही आपल्या सिद्धांतावर खूष झालों असतों. परंतु इतक्यांत बास कंपनीचा तांबडा त्रिकोण आठवला. इंग्लंडच्या नोंदवहींतील पहिलें चिन्ह तें हेंच. त्यास कसलाही अर्थ नाहीं. तरी मानेनें १८८२ सालीं पॅरिसच्या एका करमणूकगृहाचें चित्र रंगविलें तेव्हां कट्ट्यावरील बाटल्यांवर तो त्रिकोण उमटला, आणि आज चित्र पाहणाऱ्यास बाटली कोणाची हें सांगावें लागत नाहीं. तीच गोष्ट नाइकेच्या खुणेची. १९७१ त कॅरोलिन डेव्हिडसन ह्या विद्यार्थिनीनें ती पस्तीस डॉलरांस काढून दिली. धन्यास ती प्रथमदर्शनीं फारशी आवडली नव्हती. येथें व्यंजना नाहीं, लक्षणा नाहीं. आहे केवळ एक फटकारा, आणि त्यांत पुढील वर्षांनीं भरलेला अर्थ. बारशाच्या दिवशीं मुलाच्या नांवास तरी काय अर्थ असतो? तें नांव मूल मोठें होऊन कमावतें. मग चिन्हांत कांहीं असावें लागतें कीं नाहीं? लागतें, पण तें अर्थाच्या आधीं येतें. तें दुसऱ्या कोणाचें असतां कामा नये, आणि एकदां पाहिलेल्या माणसास तें काठीनें धुळींत काढतां आलें पाहिजे. अर्थ हें भाग्य आहे. वेगळेपण ही अट आहे.

आमच्या आवडत्या हिरव्या पानाचें बिंग येथेंच फुटलें. तें पान सुंदर होतें, परंतु तें कोणाचेंही होऊं शकत होतें. औषधांवर तें आहे, साबणावर तें आहे, नव्या वसाहतींच्या फलकांवर तर पानांचा पाचोळाच झाला आहे. नांव झांकून त्या जागीं दुसरें लिहिलें तरी आकृतीस कांहीं दुखत नसेल, तर ती आकृति त्या धंद्याची नव्हे, चित्रकाराच्या वहीची आहे.

चिन्ह बदलूंच नये असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. शेल कंपनीचा शिंपला १९०१ मध्यें निराळा होता, १९०४ त बदलला, आणि पुढें वरचेवर साफ होत १९७१ मध्यें रेमंड लोवी यांच्या हातून आजच्या रूपास आला. पायरीपायरीनें झालेला हा बदल गिऱ्हाइकास टोंचला नाहीं. उलट एअर इंडियाचें उदाहरण पाहावें. १९४६ मध्यें बॉबी कुका आणि चित्रकार उमेश राव यांनीं निर्माण केलेला महाराजा म्हणजे मूर्तिमंत विरोधाभास: राजा असून तोच वांकतो. संस्थानें विलीन झालीं, १९७१ त तनखे बंद झाले, पण हा लवून उभाच. त्याच्या जोडीला विमानांवर १९४८ पासून धनुर्धारी सेंटॉर होता. २००७ मध्यें दोन विमानसंस्था एकत्र झाल्यावर एका चिन्हावरून घडविलेला हंस आणि त्यांत कोणार्कचें चक्र असा समेट करण्यांत आला. समित्यांनीं केलेलें काव्य असेंच असतें. कोणाचाही शब्द पडूं दिला नाहीं कीं ओळ मोडते. संस्था २०२२ मध्यें पुन्हां टाटांकडे गेल्यावर २०२३ त खिडकीच्या चौकटीवरून सुचलेली सोनेरी आकृति आली. ती डौलदार आहे, हें मान्य. परंतु एखाद्या मुलास महाराजा काढ म्हटलें तर तो पगडी आणि मिशा काढील, आणि चौकट काढ म्हटलें तर कोणती असें विचारील.

आम्हीं पुन्हां ते सात कागद मागविले आणि ह्या खेपेस जुनी छापही शेजारीं ठेविली. सहा कागदांवर खल नव्हताच. सातव्यावर होता, पण चित्रकारानें तो 'दुरुस्त' केला होता: कड अखंड, बत्ता मध्यभागीं ताठ उभा. जुन्या छापेंत खलाची डावी कड किंचित् उडालेली आहे आणि बत्ता एका बाजूस कलंडलेला, जणूं आतांच कोणी हात पुसावयास उठलें आहे. ड्रॉइंग मास्तरांनीं समोर ठेवलेली वस्तु जशी होती तशी काढली होती. बाजारांत ह्या मसाल्याच्या नकला झाल्या. त्या नकलांवरही खलबत्ता होता, परंतु नक्कल करणाऱ्यांना कड फुटलेली दाखविण्याची लाज वाटली. मावशींसारख्यांची सारी पारख त्या उडालेल्या टवक्यावर चालत होती, आणि आम्ही तो टवका न पाहतांच पानास कौल देऊन बसलों होतों.

सूर्य, माळ व फीत ह्यांविषयीं मात्र आम्हांस हळहळ वाटली नाहीं. तीं तिन्हीं त्या काळच्या प्रत्येक छापेवर असत आणि मोबाइलच्या नखाएवढ्या चौकोनांत त्यांचा नुसता डाग होतो. आम्हीं तसें स्नेह्यांस लिहून कळविलें, आणि पहिल्या मताबद्दल क्षमा मागितली. ते कांहींसे खट्टू झाले, कारण पानाचे पैसे देऊन झाले होते.

गेल्या आठवड्यांत नवीं पाकिटें आलीं. गडद तांबड्या जमिनीवर पांढरा खल, कलंडलेला बत्ता, आणि डावीकडे टवका. बाकी कांहीं नाहीं. मोठ्या पाकिटावर आकृति फार चांगली उठली आहे. पांच रुपयांच्या पुडीवर मात्र बत्ता आणि कड ह्यांमधील पांढरी फट इतकी बारीक झाली आहे कीं ती शाईनें भरून जाते, आणि टवका दिसेनासा होतो. लहान पुडीसाठीं ती फट वेगळी, रुंद करून काढावी असें आम्हीं सुचविलें आहे. ती पुडीच मावशी नेतात.