‘सलाम बॉम्बे!’मधील बालगृह : एक पुनर्वाचन

मीरा नायर यांच्या ‘सलाम बॉम्बे!’ (१९८८) या चित्रपटाची चर्चा बहुधा रस्त्यावरील मुलांच्या संदर्भात होते. त्यातील बालगृहाचा प्रसंग मागे पडतो. कोलार रोडवर काही सहकारी शिक्षकांसह हा चित्रपट अलीकडे पुन्हा पाहिला, तेव्हा मला तोच प्रसंग कथानकाचा कणा वाटला.

चायपाव आणि मंजू लग्नात वाढप्याचे काम करून रात्री परतत असतात. पोलीस त्यांना धरतात व संस्थेत पाठवितात. त्या रात्री दोघांनी गुन्हा केलेला नसतो. मंजू आईला परत मिळत नाही; चायपाव पळून जातो. पुढे त्याच्या हातून खून घडतो. संस्थेमुळेच खून झाला, असे दिग्दर्शिका म्हणत नाही. परंतु कोंडणे आधी आणि खून नंतर, हा क्रम प्रेक्षकाला अस्वस्थ करतो. हेच चित्रपटाचे बळ आहे.

उणीव अशी की, येथील बालगृह केवळ पळून जाण्याची जागा ठरते. तेथील अधीक्षकाला वेगळे काही करता आले असते काय, हा प्रश्न उपस्थित होत नाही. आज तो विचारणे आवश्यक आहे. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाने काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक आणि विधिसंघर्षग्रस्त बालक यांत भेद केला आहे. २०१६ च्या आदर्श नियमांनुसार घोर अपराध किंवा प्रौढांसमवेत केलेला अपराध वगळता बालकाविरुद्ध प्रथम खबर नोंदविली जात नाही. दैनंदिनीत नोंद होते. संस्थेतील कर्मचाऱ्याने शिस्तीसाठी मारहाण केल्यास कलम ८२ नुसार तोच शिक्षेस पात्र ठरतो.

कायद्याने कलंक लावणारी भाषाही वर्ज्य मानली आहे. तरी मराठीत ‘रिमांड होम’ आणि हिंदी-उर्दू बोलण्यात ‘बच्चा जेल’ हे शब्द रूढच आहेत. भाषेच्या शिक्षकाने हा दोष आपल्याकडेही घ्यावा.

इंग्लंडमध्ये २०१८ साली निघालेल्या राष्ट्रीय मार्गदर्शिकेची भूमिका साधी आहे : घरात घडले असते तर ज्या वर्तनासाठी पोलीस बोलाविले नसते, त्यासाठी संस्थेतील मुलाला गुन्हेगार ठरवू नये. आपल्या मुलाने रागाने काच फोडली तर आपण रागावतो, भरपाई करावयास लावतो. ठाण्यात जात नाही. यतीमखान्यातील वा वसतिगृहातील मुलाने तेच केले की तक्रारीची भाषा सुरू होते. अशी मुले आपल्या वर्गातही बसतात. वर्गातील वस्तू हरवली की प्रथम कोणाचे दप्तर उघडले जाते, हे प्रत्येक शिक्षकाने स्वतःस विचारावे. चायपावच्या कथेचा आपल्यापुरता अर्थ तेथूनच सुरू होतो.