रविकीर्तीची रेवा

हर्ष आणि दुसरा पुलकेशी यांच्या राज्यांमधली सीमा म्हणजे नर्मदा, हे आपण शाळेपासून घोकत आलो आहोत. आधार म्हणून ऐहोळेच्या मेगुती मंदिरावरील रविकीर्तीच्या संस्कृत प्रशस्तीकडे (शके ५५६, म्हणजे इ. स. ६३४-३५) बोट दाखवले जाते. ती प्रशस्ती मी इतिहासाचे साधन म्हणून नव्हे, काव्य म्हणून वाचली. आणि ही सीमा मला तिच्यात कुठेच सापडली नाही.

हर्षाचा पराभव २३व्या श्लोकात आहे. सामंतांच्या मुकुटरत्नांनी ज्याची पावले उजळत, तो राजा रणात पडलेल्या हत्तींमुळे बीभत्स दिसू लागतो आणि भयाने त्याचा ‘हर्ष’ गळून जातो. नावावरची ही कोटी इतकी गाजली की पुढच्या श्लोकावर सहसा कोणी थांबत नाही. रणांगण कुठले, हे कवी सांगतच नाही. रेवा येते ती २४व्या श्लोकात, तीही विंध्याच्या पायथ्याचे वर्णन करणाऱ्या समासाच्या पोटात, आपल्या नाना पुळणींसह. ‘अवंध्य’ आणि ‘विंध्य’ यांच्या नादात कवी रमला आहे. हा प्रदेश हत्तींना वर्ज्य झाला, जणू त्यांच्या देहांशी डोंगरांची ईर्षा असावी, अशी उत्प्रेक्षा. दोन श्लोकांना जोडणारा धागा नदीचा नाही, हत्तींचा आहे: आधी पडलेले, मग दूर ठेवलेले. लगेच ९९ हजार गावांचे तीन महाराष्ट्रक येतात. तिथे आपला ऊर भरून येतो आणि वाचन संपते!

मग सीमा आली कुठून? पुढच्या चालुक्य ताम्रपटांत हर्ष सकल उत्तरापथाचा स्वामी ठरतो. असा धनी हरला, तर तो उत्तर-दक्षिणेच्या उंबरठ्यावरच, हा तर्क ओघाने आला. हर्षाला नर्मदा ही सरहद्द मान्य करावी लागली, असे लिहून व्हिन्सेंट स्मिथने त्यावर शिक्का मारला. तर्क चुकीचाच आहे असे मी म्हणत नाही. भूगोल त्याच्या बाजूने आहे. पण तो रविकीर्तीच्या तोंडी घालू नये. त्याच्या लेखी राज्य म्हणजे रेघ नव्हे, तेज. राजाच्या प्रतापाने मुलूख उजळतो; तो उजेड कुठे थांबतो हे सांगणे म्हणजे आपला राजा तिथेच अडला, अशी कबुली. कालिदास-भारवींच्या पंक्तीत स्वतःला बसवणारा प्रशस्तिकार ती देणार नाही.

पलीकडच्या काठाची साक्षही मिळत नाही. बाणाचे ‘हर्षचरित’ हर्षाच्या सुरुवातीच्या काळापाशीच थांबते.