जोडराउटरांचे आश्वासन : व्हीआरआरपी मानकाची समीक्षा
(महाड-पोलादपूर परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना

मुंबई-गोवा महामार्गावर महाड आणि पोलादपूर यांच्या दरम्यान सावित्री नदीवर दोन समांतर पूल होते. एक ब्रिटिशकालीन, दुसरा नंतर बांधलेला. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात जुना पूल कोसळला आणि एस.टी.च्या दोन बसगाड्या व अन्य वाहने प्रवाशांसह नदीत गेली. शेजारचा नवा पूल उभाच होता. परंतु त्याचे उभे असणे त्या प्रवाशांच्या उपयोगी पडले नाही. एक मार्ग खंडित झाल्याची वार्ता येणाऱ्या वाहनांपर्यंत आपोआप पोहोचावी अशी व्यवस्था तेथे नव्हती. पर्याय असणे आणि पर्याय वेळेवर उपयोगात येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. संगणक जाळ्यात हा भेद सांभाळण्यासाठी जे मानक प्रचलित आहे, त्याचे मूल्यमापन याच कसोटीवर करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मानकाचे स्वरूप

व्हर्च्युअल राउटर रिडंडन्सी प्रोटोकॉल, म्हणजे व्हीआरआरपी, हे मानक इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्सने एप्रिल १९९८ मध्ये आरएफसी २३३८ या क्रमांकाने प्रसिद्ध केले. २००४, २०१० आणि २०२४ मध्ये त्याच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. त्यातील कल्पना साधी आहे. दोन राउटर एकच सामाईक पत्ता धारण करतात. त्यांपैकी एक कार्यरत असतो, दुसरा राखीव. कार्यरत राउटर सर्वसाधारणपणे दर सेकंदाला आपण जिवंत असल्याची घोषणा करतो. घोषणा थांबल्यास राखीव राउटर सूत्र हाती घेतो. नेहमीच्या १०० या प्राधान्यांकावर हा प्रतीक्षाकाळ सुमारे ३.६ सेकंद भरतो. वापरकर्त्याच्या संगणकावर काहीही बदलावे लागत नाही, हा या रचनेचा निर्विवाद गुण होय.

आवृत्त्यांमधील आत्मपरीक्षणही दखलपात्र आहे. पहिल्या आवृत्तीतील प्रमाणीकरणाच्या पद्धती २००४ च्या आवृत्तीने वगळल्या. त्यांनी खरी सुरक्षा मिळत नाही, उलट एकाच वेळी अनेक राउटर कार्यरत होण्याचा धोका संभवतो, असा अनुभव आला होता. स्वतःची चूक अनुभवाने दुरुस्त करणारे मानक विश्वासार्ह ठरते.

मर्यादा

तथापि, मानकाच्या नावातून जी अपेक्षा निर्माण होते ती त्याच्या तरतुदींपेक्षा मोठी आहे. जिवंतपणाची घोषणा फिरते ती संस्थेच्या अंतर्गत जाळ्यात. राउटर पलीकडे कोठे पोहोचतो याविषयी ती काहीच सांगत नाही. बाहेर जाणारी तार तुटली आणि राउटर चालू राहिला, तर घोषणा अखंड चालू राहते, राखीव राउटर स्वस्थ बसतो आणि सर्व पॅकेट तुटलेल्या मार्गाकडे जात राहतात. सावित्रीच्या पुलाशी असलेले साम्य येथे स्पष्ट होते. अर्थात साम्यालाही मर्यादा आहे : हरवलेले पॅकेट पुन्हा पाठवता येते, माणूस नाही.

यावरील उपाय म्हणून बाह्य मार्गावर लक्ष ठेवून प्राधान्यांक घटवण्याची सोय उत्पादकांनी दिली आहे. मात्र तिची मांडणी मानकाने केलेली नसल्याने ती व्यवस्थापकाच्या दक्षतेवर अवलंबून राहते. कार्यरत राउटरचा अंक ११०, राखीवचा १०० आणि घट १० ची ठेवली, तर दोन्ही अंक समान होतात. समान अंकाची घोषणा ऐकणारा राखीव राउटर मानकानुसार राखीवच राहतो. सर्व काही नियमाप्रमाणे चालते आणि इंटरनेट मात्र बंद असते.

दोषशोधाची दिशा

म्हणून दोषशोधाचा आरंभ ‘कोणता राउटर बिघडला’ या प्रश्नाने करणे दिशाभूल करणारे ठरते. दोन्ही राउटरांवर स्वतंत्रपणे पाहून कार्यरत कोण हे प्रथम निश्चित करावे. दोघेही स्वतःला कार्यरत म्हणवीत असतील, तर त्यांच्यामधील घोषणा स्विचवर अडत असण्याची शक्यता मोठी. एकच कार्यरत असेल, तर त्याच्यापासून बाहेरचा मार्ग तपासावा. त्यानंतर परतीचा मार्ग पाहावा. कारण उत्तरे कोणत्या राउटरवर येतील हे व्हीआरआरपी ठरवीत नाही. जोडणीची नोंद एका राउटरच्या फायरवॉलमध्ये आणि उत्तर दुसऱ्याच्या दारात, अशी स्थिती आल्यास उत्तर नाकारले जाते.

सामाईक भवितव्य

आणखी एक प्रश्न मानकाच्या कक्षेबाहेरचा आहे. २२ जुलै २०२१ रोजी सावित्री व गांधारी यांच्या पुराने महाड शहर बुडाले. त्याच दिवशी तळिये येथे दरड कोसळून ८० हून अधिक माणसे दगावली. पोलादपूर तालुक्यातही दरडी कोसळल्या. वीज आणि संपर्कसेवा विस्कळीत झाली, रस्ते बंद झाले आणि मदत पोहोचण्यास विलंब झाला. अशा प्रदेशात दोन राउटर एकाच तळमजल्यावरील कपाटात, एकाच वीजजोडणीवर असतील आणि त्यांच्या दोन्ही तारा एकाच महामार्गाच्या कडेने जात असतील, तर ते दोन नव्हेत. संकटाच्या दृष्टीने तो एकच राउटर आहे. कागदावरील आकृतीत दोन रेषा दिसतात, भूगोलात एकच.

निष्कर्ष

व्हीआरआरपी हे मानक सदोष नाही. ते मर्यादित आहे आणि आपल्या मर्यादेत प्रामाणिक आहे. दोष आहे तो त्याच्या उपस्थितीलाच हमी मानण्याच्या सवयीत. मुख्य राउटर बंद करून राखीव राउटर जागा होतो का एवढेच पाहिले, तर मानकाने आधीच दिलेल्या आश्वासनाचीच फेरतपासणी होते. खरी परीक्षा राउटर चालू ठेवून त्याची बाहेरची तार काढण्यात आहे. महाविद्यालयांचे प्रवेश, परीक्षा अर्ज आणि आपत्तीच्या काळातील सूचना आज याच जोडणीवर विसंबून असल्याने ही परीक्षा दरवर्षी पावसाळ्यापूर्वी घेणे अगत्याचे ठरते. दुसरा पूल आहे, एवढे पुरत नाही. पहिला पडल्याचे येणाऱ्याला कळले पाहिजे.