शार्त्रचा काळोख

जुनी वास्तू स्वच्छ करायची म्हणजे नेमके काय पुसायचे? फ्रान्समधल्या शार्त्रच्या कॅथेड्रलइतका हा प्रश्न मला दुसऱ्या कुठल्याही वास्तूने टाकलेला नाही.

पॅरिसहून आगगाडीने तास-सव्वा तासाचा रस्ता. बोसच्या सपाट गव्हाच्या रानात दोन मनोरे आधी दिसतात, गाव नंतर. मनोरे एकमेकांसारखे नाहीत. दक्षिणेकडचा बाराव्या शतकातला, साधा आणि निमुळता. उत्तरेकडच्याचे लाकडी शिखर १५०६ साली वीज पडून जळाले, तेव्हा झां द बोस याने तिथे नक्षीदार दगडी शिखर चढवले. त्याने शेजारच्याची नक्कल केली नाही, आपल्या काळाचे बांधले. जोडी जमवण्याच्या हौसेपेक्षा हे मला फार प्रामाणिक वाटते.

११९४ च्या आगीत जुने चर्च बहुतेक जळाले. पश्चिमेचे प्रवेशद्वार, मनोरे आणि थोड्या काचा वाचल्या. त्यानंतर सुमारे तीस वर्षांत आजची वास्तू उभी राहिली. आतले छत सुमारे ३७ मीटर उंच, आणि ते पेलणारे खांब त्या मानाने किती सडपातळ! टोकदार कमानी छताचा भार मोजक्या ठिकाणी आणून सोडतात आणि बाहेरच्या अर्धकमानी त्याचा रेटा झेलतात. भिंत ओझ्यातून सुटली म्हणून तिथे काच बसली. सगळे सौंदर्य या हिशेबातून आले आहे, हे भाविकाला ठाऊक नसते आणि असायचे कारणही नाही. आगीतून वाचलेली मातेची निळी काच मात्र हिशेब माहीत असणाऱ्यालाही गप्प करते.

आता भांडणाचा मुद्दा. २००९ पासून आतल्या भिंतींवरची शतकांची काजळी काढून त्यांना फिकट पिवळा रंग आणि दगडांच्या सांध्यांच्या पांढऱ्या रेघा देण्यात आल्या. तज्ज्ञ म्हणतात, तेराव्या शतकात असेच होते, खाली अंश सापडले. टीकाकार म्हणतात, काळोख गेला आणि काचांचे तेज उतरले. भिंतींपुरता मी तज्ज्ञांच्या बाजूचा आहे. मेणबत्त्यांचा धूर म्हणजे काही इतिहासाचा दस्तऐवज नव्हे, आणि बांधणाऱ्यांनी उजेडासाठीच एवढा खटाटोप केला होता. डोळे दिपतात खरे, पण थोडे थांबले की कमानींच्या रेषा अशा स्पष्ट होतात की रचना वाचता येते.

पण तिथली खांबावरची माता, सोळाव्या शतकातली लाकडी मूर्ती, तीही याच सपाट्यात गोरी केली गेली. लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या हात जोडले ते सावळ्या मुखाला. आपल्याकडे शेंदराची पुटे चढून मूळ पाषाण दिसेनासा झालेला मारुती कुणी खरवडून "हा खरा" म्हणून दाखवला, तर गाव काय म्हणेल? भिंत बांधणाऱ्याची, मूर्ती मात्र पूजणाऱ्याचीही. इथे तज्ज्ञ चुकले असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्या जुन्या गोव्यात नेमके उलटे घडले. १६०५ साली पूर्ण झालेल्या बॉम जीझस बॅसिलिकेचा बाहेरचा चुन्याचा गिलावा १९५० च्या दशकात एका पोर्तुगीज वास्तुरचनाकाराने काढायला लावला. उघडा जांभा अधिक 'प्राचीन' दिसतो म्हणून. आज आपण सहलीला गेलो की त्या तांबड्या भिंतीपुढे फोटो काढतो आणि तेच मूळ रूप समजतो. जांभा सच्छिद्र, पाणी पिणारा. कोकणपट्टीत जुन्या घरांना गिलावा का करतात ते कुठलाही गवंडी सांगेल. २०२० साली गिलावा परत करा अशी मागणी चर्चकडूनच जाहीरपणे झाली. पुष्कळांना ती रुचली नाही, कारण ओळखीचा चेहरा बदलेल. शार्त्रच्या मातेबाबत मी ओळखीच्या चेहऱ्याची बाजू घेतो आणि गोव्यात घेत नाही, हे कुणाला विसंगत वाटेल. शार्त्रची मूर्ती काळी राहिली असती तर तिचे काही बिघडत नव्हते. बॉम जीझसची भिंत दर पावसाळ्यात भिजते.