यंत्रांचे दडपण : प्रवाळ-मत्स्यालयविषयक मार्गदर्शनपर लेखनाची चिकित्सा

खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयात जिवंत प्रवाळ पाळण्याचा छंद युरोप व अमेरिकेत गेल्या चार दशकांत चांगलाच रुजला असून त्याविषयीचे इंग्रजी मार्गदर्शनपर वाङ्मयही विपुल झाले आहे. या वाङ्मयाभोवती एक तक्रार सातत्याने ऐकू येते. नवखा माणूस हौसेने या विषयाकडे वळतो आणि पहिल्या काही पानांतच प्रोटीन स्किमर, कॅल्शियम रिॲक्टर, आरओ संयंत्र, डोसिंग पंप, एलईडी दिव्यांचे नियंत्रक, पाण्याचे तापमान व सामू अखंड नोंदवणारी यंत्रे अशी यादी वाचून हबकतो. हा छंद आपल्यासाठी नाही, तो अभियंत्यांचा किंवा धनिकांचा आहे, अशी त्याची समजूत होते. ही समजूत चुकीची आहे असे सांगणारे आणि ती योग्यच आहे असे सांगणारे असे दोन पक्ष पडलेले दिसतात. मात्र दोन्ही पक्ष हे दडपण यंत्रांतूनच निर्माण होते असे गृहीत धरतात. ते गृहीतच तपासण्याजोगे आहे. यंत्रांच्या संख्येपेक्षा, यंत्र कोणते काम करते हे सांगण्याआधीच यंत्राचे नाव पुढे करणारी लेखनपद्धती या दडपणास अधिक कारणीभूत आहे, असे या वाङ्मयाच्या वाचनावरून म्हणावे लागते.

ग्रंथांची शीर्षकेच या बाबतीत बोलकी आहेत. मार्टिन मो यांच्या 1982 च्या पुस्तिकेच्या उपशीर्षकात नवशिक्यापासून मत्स्यपैदास करणाऱ्यापर्यंतचा प्रवास सुचवला आहे. जॉन टलॉक यांनी 1997 च्या ग्रंथाच्या उपशीर्षकात 'सोप्या पद्धती'ची ग्वाही दिली आणि रॉबर्ट फेनर यांनी 1998 मध्ये आपल्या पुस्तकास 'सामान्य समजुतीची हस्तपुस्तिका' म्हटले. सोपेपणाची अशी जाहीर हमी जेथे द्यावी लागते तेथे अवघडपणाची भीती आधीच पसरलेली असते, हे उघड आहे. याउलट डेलबीक आणि स्प्रुंग यांच्या 'द रीफ ॲक्वेरियम' या ग्रंथमालेचा 1994 चा पहिला खंड प्रामुख्याने प्राण्यांची ओळख व निगा यांना वाहिलेला होता, तर 2005 च्या तिसऱ्या खंडाच्या उपशीर्षकात विज्ञान व कला यांच्या जोडीला तंत्रज्ञान येऊन बसले. अवघ्या अकरा वर्षांत तंत्रज्ञानाला मुखपृष्ठावर स्थान मिळाले, ही गोष्ट दुर्लक्षिण्यासारखी नाही.

यंत्रांवर आक्षेप घेणारे लेखक बहुधा इतिहासाचा दाखला देतात. पूर्वी हे सारे यंत्रांवाचून होत असे, असा त्यांचा युक्तिवाद असतो. हा दाखला मुळातून पाहिला पाहिजे. 1846 मध्ये अॅना थिन या इंग्रज महिलेने टॉर्कीच्या किनाऱ्यावरून काही प्रवाळ लंडनला आणले आणि घरातील काचपात्रांत ते सुमारे तीन वर्षे जगवले. हे प्रवाळ थंड समुद्रातील, एकेकटे वाढणारे होते. उष्ण कटिबंधातील प्रवाळांप्रमाणे त्यांना ऊतींत राहणाऱ्या शैवालांसाठी प्रखर उजेड लागत नाही, ही सवलत ध्यानात घेतली पाहिजे. पंप नव्हता, वीज तर नव्हतीच. मग पाण्यात हवा मिसळत होती कशी? घरातील मोलकरीण उघड्या खिडकीपाशी उभी राहून ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात पुन्हा पुन्हा ओतत असे. आज एक लहानसा पंप जे काम करतो ते तेव्हा एका स्त्रीच्या हातांनी होत होते, आणि त्या स्त्रीचे नाव मत्स्यालयाच्या इतिहासात सहसा येत नाही. 'यंत्रविरहित' या शब्दाचा अर्थ पुष्कळदा 'दुसऱ्याच्या श्रमांवर चाललेले' असा असतो. साधेपणाचे गुणगान करणाऱ्या लेखनात ही मोलकरीण हटकून गाळली जाते.

विसाव्या शतकातील दुसरा नेहमीचा दाखला ली चिन एंग यांचा आहे. जकार्तातील या मत्स्यपालकाने 1961 मध्ये एका अमेरिकी मासिकात आपली 'निसर्गपद्धती' मांडली. सागरतळाहून आणलेले जिवंत खडक, नैसर्गिक समुद्रजल, हवेचे बुडबुडे आणि सूर्यप्रकाश एवढ्यावर त्यांची टाकी चाले. पद्धत खरोखरच सुंदर होती आणि पुढील सर्व पद्धतींचे बीज तिच्यात आहे. तथापि समुद्र हाताशी असणे, तापमान बारा महिने अनुकूल असणे आणि विषुववृत्ताजवळचा प्रखर सूर्य लाभणे या तीन गोष्टी त्यांना विनासायास मिळालेल्या होत्या. बर्लिन किंवा शिकागो येथील माणसाला त्या तिन्ही विकत घ्याव्या लागतात. मिश्र क्षारांची पिशवी, हीटर आणि दिवे ही त्याच्यासाठी जकार्ताच्या किनाऱ्याची उसनी रूपे होत. साधी पद्धत आणि गुंतागुंतीची पद्धत हा भेद पुष्कळ अंशी भूगोलाचा आहे, हे या वाङ्मयात क्वचितच सांगितले जाते.

यंत्रांचा पुरस्कार करणाऱ्यांचीही बाजू अशीच तपासावी लागेल. 1986 मध्ये जॉर्ज स्मिट यांच्या लेखमालेने अमेरिकी वाचकांना घरगुती प्रवाळ-मत्स्यालयाचे नवे रूप दाखवले आणि छंदाला मोठी चालना दिली. त्या रचनेच्या केंद्रस्थानी झिरपत्या पाण्याची गाळणी होती. मूळ कल्पना सांडपाणी शुद्धीकरणातील. प्लॅस्टिकच्या चेंडूंवरून पाणी ओघळत जाते, भरपूर प्राणवायू मिळालेले जिवाणू त्यातील अमोनियाचे नायट्राइट व पुढे नायट्रेट करतात. गाळणीची मापे, चेंडूंचे प्रमाण, पाण्याच्या वाटपाची तबके यांच्या तपशिलात नवखा वाचक गुदमरून जाई. पण ही गाळणी आपले काम नको इतक्या चोखपणे करते. नायट्रेट साचत राहते, कारण त्याचे विघटन करून नायट्रोजन वायू मोकळा करणाऱ्या जिवाणूंना प्राणवायूविरहित जागा लागते आणि ती या रचनेत नसते. जिवंत खडकाच्या अंतर्भागात ती आपोआप असते. जर्मनीत पीटर विल्केन्स व बर्लिनचे मत्स्यपालक 1970 च्या दशकापासूनच जिवंत खडक, स्किमर, प्रखर उजेड आणि चुन्याचे पाणी यांवर भर देत होते. ही पद्धत अमेरिकेत रुळल्यावर अनेकांनी ते प्लॅस्टिकचे चेंडू काढून टाकले. ज्या यंत्रापायी कित्येकांनी हा छंद अशक्य मानला असेल ते यंत्र काही वर्षांतच अनावश्यक, किंबहुना उपद्रवी ठरले. कार्य समजलेल्या वाचकाला हा बदल सहज पचला असता. केवळ यादी पाठ केलेल्याच्या पदरी मात्र नवी यादी आली.

भाषेचा प्रश्न याहून अधिक महत्त्वाचा आहे. इंग्रजी वाङ्मयात 'काल्कवासर' हा जर्मन शब्द तसाच वापरला जातो आणि त्याभोवती प्रयोगशाळेचे वलय निर्माण होते. मराठीत या पदार्थाला चुन्याची निवळी म्हणतात. फुंकर घातली की दुधाळ होणारी ही निवळी आठवी-नववीच्या विद्यार्थ्यानेही पाहिलेली असते. प्रवाळाचा सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. तो वाढतो तसतसे पाण्यातील कॅल्शियम व क्षारता घटते, आणि बाष्पीभवनाने उणे झालेले पाणी भरून काढताना निवळी थेंबाथेंबाने सोडल्यास दोन्हींची भरपाई एकदमच होते. लिटरभर पाण्यात जेमतेम दीड ग्रॅम चुना विरघळतो. निवळीचा सामू मात्र 12 च्या वर असल्याने ती एकदम ओतणे घातक आहे. पानाच्या डबीतील चुना टाकीत घालावा असा याचा अर्थ नव्हे, कारण तेथे शुद्धतेची हमी नसते. परंतु तत्त्व तेच आहे, आणि ते कळल्यावर डोसिंग पंप म्हणजे थेंब मोजणारा नोकर एवढेच उरते.

स्किमरचेही असेच. या यंत्राच्या छायाचित्रांनी वाचकाला जेवढे घाबरवले असेल तेवढे क्वचितच दुसऱ्या कशाने घाबरवले असेल. गुऱ्हाळावर उसाचा रस उकळताना काहिलीवर फेसाळ मळी येते आणि गुळव्या ती झाऱ्याने काढून टाकतो, हे दृश्य पश्चिम महाराष्ट्रातील वाचकाला परिचित आहे. स्किमरमध्ये उष्णतेऐवजी हवेचे बारीक बुडबुडे हे काम करतात. पृष्ठभागाला चिकटण्याची प्रवृत्ती असलेले सेंद्रिय रेणू बुडबुड्यांवर बसतात, फेस वर चढतो आणि वाटीत साचतो. गोड्या पाण्यात असा टिकाऊ फेस सहसा धरत नाही, म्हणून हे यंत्र खाऱ्या पाण्याचेच. दोन्ही क्रियांचे रसायन वेगळे आहे. तरीही मळी काढणे ही कल्पना मनात असलेल्या वाचकाला यंत्राच्या नावाचे भय वाटण्याचे कारण उरत नाही.

अमेरिकी तत्त्वचिंतक अल्बर्ट बोर्गमन यांनी 1984 मध्ये मांडलेले विवेचन येथे उपयोगी पडते. चूल आणि केंद्रीय तापनव्यवस्था यांची तुलना करून त्यांनी दाखवले, की आधुनिक यंत्र फळ हाती देते व यंत्रणा दृष्टिआड करते. चुलीबरोबर येणारी कौशल्ये आणि माणसांचा सहभाग त्यात लोपतो. प्रवाळ-मत्स्यालयाला हे विवेचन अर्धेच लागू पडते. यंत्रणा टाकीखालच्या कपाटात दडवलेली असते खरी, परंतु छांदिष्ट मंडळी पाहुण्यांना ते कपाट उघडून मोठ्या अभिमानाने दाखवतात. येथे यंत्र लपवले जात नाही, ते मिरवले जाते. नवख्यावर दडपण येते ते या मिरवण्याने. प्रगत मत्स्यपालकाच्या वीस वर्षांच्या संग्रहाचे छायाचित्र पहिल्या दिवसाच्या गरजांची यादी म्हणून वाचले जाते, आणि पुष्कळ लेखक हा गैरसमज दूर करण्याची तसदी घेत नाहीत.

आता एका गंभीर आक्षेपाचा विचार केला पाहिजे. दडपण असेल तर ते असू द्यावे, त्यामुळे अविचारी माणसे दूर राहतात आणि प्राणी वाचतात, असे काही जण म्हणतात. यात तथ्य नाही असे नाही. 1850 च्या दशकात इंग्लंडमध्ये मत्स्यालयाची लाट आली तेव्हा उंबरठा फार खाली होता. फिलिप हेन्री गॉस यांचे 'द ॲक्वेरियम' 1854 मध्ये निघाले, चार क्षारांपासून समुद्रजल बनवण्याची कृतीही त्यांनी दिली, आणि काचपात्र व किनाऱ्यावरची सहल एवढ्यावर भागू लागले. परिणामी डेव्हनचे खडकाळ किनारे कसे ओरबाडले गेले याची खंत त्यांचे पुत्र एडमंड गॉस यांनी 1907 च्या 'फादर अँड सन'मध्ये नोंदवली आहे. सोपेपणाचीही किंमत असते आणि ती प्राणी मोजतात. परंतु यंत्रांच्या किमतीने घातलेला उंबरठा चुकीच्या माणसांना अडवतो. तो ऐपत पारखतो, जबाबदारी पारखत नाही. महागडा नियंत्रक घेणारा माणूस फिलिपिन्समधील सायनाइड वापरून पकडलेला मासा घेणार नाही, याची कोणतीही हमी त्या नियंत्रकात नसते. प्राण्यांचे रक्षण हाच हेतू असेल तर उंबरठा ज्ञानाचा हवा. यादीआधी कार्य समजावून सांगणारे लेखन तो उभारू शकते.

खरी अडचण कोठे आहे हेही अशाच लेखनातून कळते. 20 लिटरच्या छोट्या टाकीतून एक लिटर पाणी उडाले तर 35 असलेली क्षारता 36.8 पर्यंत चढते. 400 लिटरच्या टाकीत तेवढेच पाणी उडाल्यास ती 35.1 ही होत नाही. म्हणजे नवख्याला दडपण नको म्हणून सुचवली जाणारी लहान, उपकरणरहित टाकीच सर्वांत बेभरवशाची असते. शिवाय नव्या टाकीत जिवाणूंचा संसार उभा राहण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात आणि त्या काळात रिकाम्या टाकीकडे पाहत बसण्यावाचून गत्यंतर नसते. हा संयम विकत मिळत नाही, त्यामुळे यादीत तो नसतो.

भारतात हा प्रश्न निराळे वळण घेतो. प्रवाळभित्ती रचणारे सर्व प्रवाळ 2001 पासून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत असून 2022 च्या दुरुस्तीनंतरही हे संरक्षण कायम आहे. मालवणच्या समुद्रातून जिवंत प्रवाळ उचलून आणणे हा गुन्हा आहे, मग टाकीवर स्किमर असो वा नसो. तेव्हा या विषयावर मराठीत लिहू पाहणाऱ्याने सुरुवात कायद्यापासून केली पाहिजे. क्लाउनफिशसारख्या माशांचे बंदिस्त प्रजनन मात्र कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने साध्य केले आहे, आणि टाकीत हा मासा प्रवाळांशिवाय, एवढेच नव्हे तर समुद्रफुलाशिवायही, उत्तम जगतो. प्राणिशास्त्र विभागाने अशा पैदाशीच्या माशांची टाकी ठेवायचे ठरवले तर प्रखर दिवे, कॅल्शियम रिॲक्टर आणि डोसिंग पंप यादीतून आपोआप गळतात. गाळणी, पंप, क्षारता मोजण्याचे साधन आणि दर पंधरवड्यास थोडे पाणी बदलणारा एक कर्मचारी एवढे उरते.